वाट विचारताना : हातातला जीपीएस घ्यावा तर कोणता?

गेल्या अंकात मी माझ्या जुन्या पिवळ्या जीपीएसचा ओझरता उल्लेख केला आणि टपाल त्याच विषयाने भरून आलं. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्या पत्रांतले निम्मे प्रश्न त्यातच आले होते.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो, वय ६१. महिन्यातून एक-दोन गड होतात. येत्या जूनमध्ये आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी मुलाकडे, जर्मनीत स्टुटगार्टजवळ जात आहोत. अकरा वर्षांच्या नातवाला जिओकॅशिंगचं, म्हणजे लपवलेले डबे जीपीएसने शोधायच्या खेळाचं, वेड लागलंय. तो म्हणतो, "आजोबा, खरा जीपीएस आणू, मोबाईल नको." मुलगा म्हणतो, मोबाईलमध्ये सगळं असताना पैसे कशाला घालवता? घ्यायचाच तर परत आल्यावर सह्याद्रीतही चालेल असा घ्यावा म्हणतो. टचस्क्रीन बरा की बटणांचा? नकाशावाला की साधा? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : या भांडणात मी नातवाच्या बाजूने आहे. पण आधी मुलाचं ऐकून घेऊ, कारण त्याचं बरंचसं खरं आहे. मोबाईलमधला जीपीएस काही नकली नसतो. उपग्रहाचे संकेत घ्यायला सिमकार्ड लागत नाही की रेंज लागत नाही. एअरप्लेन मोडवर टाकलेला फोनही तुम्ही कुठे उभे आहात ते सांगतो, नकाशा तेवढा घरूनच उतरवून घेतलेला हवा. मोकळ्या माळावर चांगला फोन काय आणि हातातलं यंत्र काय, दोघंही पाचेक मीटरच्या आत-बाहेर असतात. म्हणून माझी पहिली सूचना बिनखर्चाची आहे. जर्मनीत पोचल्यावर पहिले दहा डबे नातवाबरोबर फोनवरच शोधा. दहा डब्यांनंतर फोनचं नेमकं काय खुपतंय ते तुमचं तुम्हालाच कळेल. त्या खुपण्यावर औषध म्हणून यंत्र घ्या, जाहिरात बघून नको.

ज्यांना हा खेळच ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो. बाकीचे तो शोधतात, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात आणि डबा होता तसा ठेवून देतात. एवढाच खेळ. तो सुरू कसा झाला ते मात्र मला फार आवडतं. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकी सरकार नागरिकांना मिळणाऱ्या जीपीएस संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. तुम्ही वडाखाली उभे, तर यंत्र तुम्हाला शंभर मीटरवरच्या विहिरीत दाखवणार. क्लिंटन यांच्या आदेशाने १ मेच्या मध्यरात्री ही भेसळ बंद झाली, आणि ३ मेला डेव्ह अल्मर या गृहस्थाने ऑरेगन राज्यात पोर्टलंडबाहेर, बीव्हरक्रीकजवळच्या रस्त्याकडेला एक काळी बादली ठेवून तिचा पत्ता इंटरनेटवर जाहीर केला : उत्तर ४५° १७.४६०, पश्चिम १२२° २४.८००. बादलीत इतर चीजवस्तूंबरोबर एक बीन्सचा डबाही होता. माझी मुलगी तिथून तासाभरावर राहते, म्हणून हट्टाने गेले. आता त्या जागी जमिनीत एक पाटी बसवली आहे. आमचे हे गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. "एक पाटी बघायला एवढं पेट्रोल?" पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला ती पाटी काय वाटली, हे अर्थशास्त्राच्या माणसाला कसं कळावं?

आता यंत्राकडे येऊ. पहिला मुद्दा बटणांचा, आणि यात मी तडजोड करत नाही. आपल्याकडे डोंगर चढायचा तो पावसाळ्यात. टचस्क्रीनवर थेंब पडला की नकाशा आपोआप सरकतो आणि ओलं बोट टेकवलं की पडदा ऐकत नाही. बटणं मात्र चिखलाच्या हातानेही दाबता येतात आणि थंडीत हातमोज्यातूनही. टचस्क्रीन दिसायला देखणा असतो, नातवालाही तोच आवडेल. आवडू दे. दुसरं म्हणजे या यंत्रांचे पडदे उन्हात फोनच्या उलट वागतात. ऊन जितकं कडक तितकं चित्र स्वच्छ. फोनवर आपण ओंजळ धरून डोळे बारीक करत बसतो.

मग सेल. मी अजूनही पेन्सिल सेलवर चालणारंच यंत्र सुचवते. गार्मिनची इट्रेक्स २२ एक्स आणि ३२ एक्स ही यंत्रं दोन पेन्सिल सेलवर २५ तास चालतात असं कंपनी सांगते. दिवसाला आठ-नऊ तासांची चाल धरली तर दोन दिवस निघतात आणि खिशात दोन जादा सेल असले की चार. चार्जिंगचे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या आणि यंत्राच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकारही तोच निवडा. तो चुकीचा निवडला तर बॅटरीची रेघ खोटं बोलते. हिमालयात बर्फाकडे जाणार असाल तर एकदाच वापरायचे लिथियम सेल न्या, थंडीत तेच टिकतात. आतल्या बॅटरीवर चालणारी नवी महाग यंत्रं आठवडाभर चालतात हे खरं. पण ती संपली की चार्जर नाहीतर पॉवर बँक शोधा. पेन्सिल सेल गडाखालच्या टपरीवरही मिळतात.

तिसरा मुद्दा होकायंत्राचा, आणि दुकानदार तो कधीच समजावून सांगत नाही. जीपीएसला तुम्ही कुठे आहात ते कळतं, तुमचं तोंड कुठे आहे ते कळत नाही. चालत असलात तर दोन ठिकाणांवरून तो दिशा काढतो. थांबलात की त्याचा बाण भरकटतो. डबा शोधताना शेवटचे वीस मीटर आपण थांबत, वाकत, गोल फिरतच जातो, म्हणजे नेमकं हवं तिथेच बाणावर विसंबता येत नाही. वेगळं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असलेलं यंत्र उभ्या माणसालाही दिशा दाखवतं. ३२ एक्समध्ये ते आहे, २२ एक्समध्ये नाही. दोघांच्या किमतीतला फरक मुख्यतः याचा आणि वायुभारमापकाचा. सेल बदलल्यावर मात्र होकायंत्र पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. पडदा सांगेल तसं यंत्र हातात जात्यासारखं फिरवायचं. जाणारे-येणारे बघतात, बघू द्यावं.

वायुभारमापक म्हणजे हवेच्या दाबावरून उंची सांगणारा भाग. डबे शोधायला त्याचा काडीचा उपयोग नाही. सह्याद्रीत मात्र मला तो नकाशाइतकाच लागतो. धुक्यात सोंडेवर उभं असताना 'आपण ११५० मीटरवर आहोत, खिंड ९५० वर आहे' एवढं कळलं तरी पुष्कळ असतं. निघताना माहीत असलेल्या उंचीवर तो लावून घ्यायचा. कळसूबाईच्या माथ्यावर पोचलात तर १६४६ हा आकडा भरा. मुक्कामी रात्रभर एकाच जागी ठेवलेलं यंत्र सकाळी वीस-तीस मीटर 'चढलेलं' दिसलं तर गड वाढलेला नसतो, हवेचा दाब उतरलेला असतो. छत्री वर काढा.

नकाशा. जर्मनीत घेतलेल्या २२ एक्स किंवा ३२ एक्समध्ये युरोपचा नकाशा भरलेला मिळेल. भारतात उतरलात की पडदा जवळपास कोरा. घाबरायचं कारण नाही. ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेले भारताचे नकाशे फुकट मिळतात. ते मेमरी कार्डवर गार्मिन नावाच्या फोल्डरात टाकले की काम झालं. केबल मात्र जपून ठेवा. या यंत्रांना जुन्या पद्धतीची मिनी यूएसबी लागते, ती आता घरातल्या कुठल्याच ड्रॉवरमध्ये सापडत नाही.

नकाशावरच्या समोच्च रेषांबद्दल, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांबद्दल, एक सावधगिरी. अशा फुकट नकाशांतल्या रेषा बहुतेकदा फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून झालेल्या रडार-मोजणीवरून काढलेल्या असतात. त्या मोजणीत दोन बिंदूंमधलं अंतर ३० मीटर किंवा त्याहूनही जास्त. ऑरेगनच्या टेकड्यांना ते चालून जातं. आपला डोंगर बसाल्टच्या थरांचा, पायऱ्या-पायऱ्यांचा. दोन बिंदूंच्या मध्ये पन्नास फुटांचा उभा कातळ असला तरी नकाशा तिथे नुसता उतार काढतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. २००९ चा ऑगस्ट, आम्ही पाचजणी खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडाला निघालो. टोलार खिंडीच्या वर पठारावर गेलो आणि असं धुकं उतरलं की पुढचीची पाठपिशवी दिसेना. माझ्या यंत्रात आदल्या वेळची देवळाची खूण होती. मी बाण लावला. सरळ रेषेत अंतर सव्वा किलोमीटरही नव्हतं. पायवाट डावीकडे वळली, बाण समोर. मी, भूगोलाची प्राध्यापिका, बाणाच्या मागे गेले. कारवीतून अर्धा तास रेटत गेल्यावर पुढे जमीनच नव्हती. खालून कुठूनतरी गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या, एवढंच. एक बाप्या ओरडला, "मागं फिरा बायांनो, म्होरं काय न्हाय!" आम्ही दिसत नव्हतो, पण आमची बडबड त्याला ऐकू गेली असणार. मग यंत्राने जे काम खरोखर चोख केलं ते असं : आम्ही आलो त्या मार्गाची रेघ त्याने आपोआप नोंदवली होती. त्या रेघेवरून उलट चालत आम्ही वळणापाशी आलो. तेव्हापासून बाणाचा पर्याय मी डोंगरात वापरतच नाही. रेघ वापरते, आणि प्रत्येक फाट्यावर खूण करून ठेवते, कारण ढोरवाटा आणि माणसांच्या वाटा यांतला फरक परतीच्या संध्याकाळी कळत नाही. तो मामा नंतर देवळापाशी भेटला. यंत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "ह्याला कडा दिसतो का?" मी नाही म्हटलं. त्याने ते परत दिलं.

तर तुमच्यासाठी निवड : होकायंत्र, वायुभारमापक, बटणं, पेन्सिल सेल आणि नकाशा भरता येणारं कार्ड, हे सगळं ३२ एक्समध्ये आहे. दुकानात ते नसेल तर हीच यादी घेऊन दुसरं बघा. मॉडेलं येत-जात राहतात, यादी बदलत नाही. जर्मनीत वापरलेलं यंत्रही चांगलं मिळतं. घेताना सेलच्या कप्प्यात हिरवट गंज आहे का, कडेचं रबर सुटलंय का आणि प्रत्येक बटण दाबलं जातंय का ते बघा. पैसे थोडे जास्त घालायची तयारी असेल तर गार्मिनचाच जीपीएसमॅप ६५ एस. तो दोन वेगळ्या वारंवारितांवर संकेत घेतो, त्यामुळे घळीत किंवा उंच भिंतींमध्ये कातळावरून परतून येणारे संकेत त्याला कमी फसवतात. वजन २१७ ग्रॅम, सेल १६ तास. दर शनिवारी सांधण दरीत उतरणार असाल तरच त्याच्या वाटेला जा.

नातवासाठी वेगळं यंत्र घेणार असाल तर इट्रेक्स एसई पुरे. पडदा काळा-पांढरा, नकाशा अजिबात नाही, पण होकायंत्र आहे, आणि डब्यांची माहिती फोनमार्फत थेट त्यात उतरते. दोन सेलवर कंपनी १६८ तास सांगते. मुलं सेल बदलायला विसरतात, म्हणून हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो.

जर्मनीतलं आणखी थोडं. तिथे डबे खूप, शहरातसुद्धा, आणि काही करंगळीच्या पेरापेक्षा लहान, चुंबकाने कठड्याच्या मागे चिकटवलेले. पेन आपलं न्या, लहान डब्यात मावत नाही. यंत्र दहा मीटरवर आलं की खिशात टाका आणि डोळ्यांनी शोधा. तुमच्या यंत्राची पाच मीटरची चूक आणि लपवणाऱ्याच्या यंत्राची पाच मीटरची चूक एकत्र आली तर आकडा शून्य होईपर्यंत नाचण्यात अर्थ नाही. रानात पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते बघणं. त्या भागातल्या गोचिडांमुळे आजार होतात, लसीबद्दल मुलाच्या डॉक्टरांना आधीच विचारा. डब्यातली वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. इथून कोल्हापुरी चपलेच्या छोट्या की-चेन न्या. खायचं काही ठेवू नका. तुमच्या सौ. लाडू सुचवतील, ठाम नाही म्हणा.

प्रश्न : भाचा न्यू जर्सीहून दिवाळीत येतोय. तो माझ्यासाठी एसओएस बटण असलेलं, उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र आणणार आहे. हिमाचलच्या ट्रेकला न्यावं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : भाच्याला आजच फोन करून सांगा, आणू नको. साधा जीपीएस नुसता ऐकतो. आकाशातून येणारे संकेत घेतो आणि आपलं ठिकाण काढतो. तुमचं यंत्र बोलतं. इरिडियम कंपनीच्या उपग्रहांना संदेश पाठवतं. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं यंत्र बाळगता येत नाही. टेलिग्राफचा १८८५ चा आणि बिनतारी संदेशांचा १९३३ चा कायदा दाखवून गोवा आणि दिल्लीच्या विमानतळांवर गेल्या काही वर्षांत परदेशी प्रवाशांना याच कारणासाठी अडवून ठेवलं आहे. बॅगेच्या क्ष-किरण तपासणीत ते लगेच दिसतं. खोक्यावर 'इनरीच' लिहिलं असेल किंवा मॉडेलच्या आकड्यामागे 'आय' असेल, जसं ६६ आय, ६७ आय, तर ते यंत्र याच जातीचं. बाहेरून बिन-'आय'च्या भावंडासारखंच दिसतं, म्हणून खोकं वाचायला सांगा. भाच्याला काही आणायचंच असेल तर चांगले चार्जिंगचे सेल आणू दे. ट्रेकची दिवसवार वाट आणि परतीची तारीख घरी कागदावर लिहून ठेवा, ते आजही चालतं.

प्रश्न : माझ्या शाळेत सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा आहे. त्यावरून गावाजवळच्या टेकडीवरच्या त्रिकोणमितीय खुणेचे अक्षांश-रेखांश काढून मी जीपीएसमध्ये टाकले. मुलांना घेऊन गेले तर यंत्राने आम्हाला टेकडीच्या उतारावर, झुडपात नेलं. खूण शंभरेक मीटर लांब होती. मुख्याध्यापक म्हणतात, यंत्र बिघडलंय. – एक शिक्षिका, जुन्नर तालुका

उत्तर : यंत्रही शाबूत आहे आणि नकाशाही. दोघांनी पृथ्वी वेगवेगळी धरली आहे. जुन्या नकाशांसाठी सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेला पृथ्वीचा आकार वापरला आणि मोजणीचा उगम मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला धरला. भारताच्या जमिनीवर तो आकार छान बसतो. जीपीएस सगळ्या पृथ्वीसाठी एकच आकार धरतो, त्याला डब्ल्यूजीएस ८४ म्हणतात. दोन आकारांचे मध्यबिंदू वेगळे, म्हणून एकाच टेकडीला दोन पत्ते पडतात. आपल्या भागात त्यांतला फरक शंभर-सव्वाशे मीटरचा येतो, म्हणजे तुमचे शंभर मीटर अगदी हिशेबात बसतात. मुलांना मिळालेला हा धडा कुठल्याही पाठापेक्षा चांगला आहे, मुख्याध्यापकांना तसं सांगा.

इलाज दोन. सर्व्हे ऑफ इंडियाचे नवे ओपन सिरीज नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत, शाळेसाठी ते घ्या. जुनाच नकाशा वापरायचा असेल तर अक्षांश-रेखांश त्यावरून उचलू नका. खुणेपाशी उभं राहून यंत्रावर नवीन घ्या. तीनदा, वेगवेगळ्या दिवशी, आणि सरासरी काढा. यंत्रात त्यासाठी सोयही असते. मग दोन पत्त्यांतलं अंतर मुलांकडून मोजून घ्या.

प्रश्न : मित्राने फोनवरून एका तळ्याचा पत्ता पाठवला : १८.३००० उत्तर. मी तो जीपीएसमध्ये भरला, तर तळं बावीस किलोमीटर उत्तरेला दाखवतंय. दोघांचं भांडण झालंय. – एक महाविद्यालयीन वाचक, सातारा

उत्तर : भांडण मिटवा. मित्राने अंश दशांशात पाठवले. तुझं यंत्र अंश आणि मिनिटं मागत होतं, तू १८ अंश ३० मिनिटं भरलीस. १८.३ अंश म्हणजे १८ अंश १८ मिनिटं. बारा मिनिटांची चूक झाली. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर, गुणाकार तूच कर. जिओकॅशिंगचे पत्ते नेहमी अंश आणि दशांश मिनिटांत असतात, मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत. शेवटचा आकडा म्हणजे जेमतेम दोन मीटर. फोनचे नकाशे बहुधा अंश दशांशात देतात. यंत्राच्या सेटिंगमध्ये पद्धत बदलता येते. बदललीस तर नंतर परत जागेवर आण, नाहीतर पुढच्या भांडणाचं पत्र येईल.

प्रश्न : आमचा मित्रमंडळाचा गट दर रविवारी किल्ल्यावर जातो. आपल्या भागात डबे फारच कमी आहेत. प्रत्येक किल्ल्यावर एक डबा लपवायचा विचार आहे. कुठला डबा घ्यावा, आणि परवानगी लागते का? – एक गट, नाशिक

उत्तर : डब्याचं नंतर बोलू. किल्ल्यावर लपवू नका. बरेच किल्ले केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, आणि २०२५ च्या जुलैमध्ये राज्यातल्या अकरा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यापासून नजर आणखी कडक आहे. तिथे तटाच्या दगडात डबा खोचायला एक दगड हलवलात तरी तुम्ही आणि नासधूस करणारा यांत फरक उरत नाही. बाकीचे किल्ले बहुधा वनखात्याच्या जमिनीवर आहेत. शिवाय आपल्याकडे बेवारस डबा दिसला की लोक आधी पोलिसांना फोन करतात, आणि ते बरोबरच करतात. खेळाच्या नियमातही पुरून ठेवायला मनाई आहे, जमिनीच्या मालकाची परवानगी लागते, आणि दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं. डबा वारंवार जाऊन बघण्याची जबाबदारीही लपवणाऱ्याची. पावसाळ्यात एका रविवारी तुमचा गट खरंच वही बदलायला जाणार आहे का? मला शंका आहे, पण तुम्ही मला खोटं पाडा. एखाद्याच्या शेताच्या बांधावर, मालकाला सांगून, रबरी कडेचं झाकण असलेला डबा ठेवा, आत सिलिकाची पुडी टाका, बाहेर 'हा खेळाचा डबा आहे' असं मराठीत आणि हिंदीत ठळक लिहा. सुरुवात एका डब्याने करा.

पण मी तुमच्या जागी असते तर डबा ठेवलाच नसता. या खेळात अर्थकॅश नावाचा प्रकार आहे. तिथे लपवायचं काहीच नसतं. तुम्ही फक्त पत्ता देता आणि त्या जागी उभं राहून खडक बघूनच उत्तर देता येईल असा प्रश्न विचारता. अमेरिकेतल्या भूवैज्ञानिकांच्या संस्थेने २००४ मध्ये तो सुरू केला. बसाल्टच्या देशात तुम्ही राहता, तुमच्याकडे खजिना उघड्यावर पडला आहे. अंधेरीतली गिल्बर्ट टेकडी, लोणारचं विवर, निघोजचे कुकडी नदीतले रांजणखळगे. निघोजला मी तीन वर्गांच्या मुलींना नेलं होतं. प्रश्न दिला होता : खळग्याच्या आत हात घालून भिंत चाचपा, खरखरीत लागते की गुळगुळीत, आणि तळाशी गोटे सापडले तर ते कशाने गोल झाले असतील? एका मुलीने हात घातला आणि ओरडली, "मॅडम, हा पाटा-वरवंटा आहे!" पैकीच्या पैकी दिले.

निघोज निवडणार असाल तर जागा ठरवायला जानेवारीत जा. जुलैत नदीला पूर असला की खळगे पाण्याखाली असतात, आणि अक्षांश-रेखांश घ्यायला तुम्ही पाण्यात उतरलेलं मला चालणार नाही.